पाहणारे डोळे, विसरणारी पेटी

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागावे, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकावा, नसरापूरचा फाटा ओलांडावा, की कामथडी लागते. थोडे पुढे कापूरहोळ आणि तेथून उजव्या हाताला भोरचा रस्ता. हमरस्त्यावरच्या गावाला धूळ आणि वर्दळ ह्या दोन गोष्टी जन्माबरोबरच मिळतात. अलीकडे त्यांत कॅमेऱ्याची भर पडली आहे. खतांचे दुकान, चहाचे हॉटेल, पतसंस्था, दूध संकलनाची खोली, जिकडे मान वर करावी तिकडे पांढऱ्या डबीतला एक काळा डोळा आपल्याकडे रोखून पाहत असतो. खाली पाटी असते : ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात.’ बहुधा तीत शुद्धलेखनाची एखादी चूक असते, आणि मराठीच्या मास्तराचे लक्ष आधी तिकडेच जाते.

लोकांची सारी भिस्त ह्या डोळ्यावर. परंतु डोळा बिचारा नुसता पाहतो. पाहिलेले ध्यानात ठेवण्याचे काम गल्ल्याखाली, माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या कपाटात ठेवलेली एक चपटी पेटी करीत असते. पूर्वीच्या पेटीत कॅमेऱ्याच्या जाड केबली थेट येत आणि चित्राचे आकड्यांत रूपांतर पेटी करी. तिला डीव्हीआर म्हणत. आता कॅमेराच चित्राचे आकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात तसल्या तारेतून पेटीकडे धाडतो. ही पेटी एनव्हीआर. गावात मात्र दोघींनाही डीव्हीआरच म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही. कारण दोघींच्याही पोटात असते ती हार्ड डिस्क एकच. ह्या सगळ्या संसारात सर्वांत आधी थकणारी, आणि थकल्याचे कोणाला कळू न देणारी वस्तू हीच होय.

रस्त्यालगत शेतीची औषधे व अवजारे विकणारे एक गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री कोणीतरी त्यांच्या दुकानाचे शटर उचकटून पाण्याच्या तीन मोटारी आणि फवारणीचे पंप लांबविले. अण्णा मुळीच डगमगले नाहीत. चार कॅमेरे होते. चोराचे तोंड सापडणारच. पडदा लावला तो चारी चौकोनांत दुकान कसे झकास दिसत होते! कोपऱ्यातली घूसदेखील स्पष्ट. मात्र मागे जाऊन कालची रात्र काढू गेले, तर पान कोरे. परवाची रात्र कोरी. मागचा महिना कोरा. तेव्हा कॅमेरे बसविणाऱ्या पोराला बोलावणे गेले.

“अण्णा, डिस्क कवाच गेलीय. हे बघा, शेवटचं रेकॉर्डिंग जानेवारीतलं दिसतंय.”

“आरं, पन चित्र तर दिसतंय की!”

“दिसनारच. कॅमेरं धड हायत. साठवायचं तेवढं बंद झालंय.”

“मग ह्या बाबानं सांगायचं न्हाई व्हय?”

“सांगत असनार. मध्यंतरी टींव टींव वाजत हुतं का?”

अण्णांनी चिरंजीवांकडे पाहिले, चिरंजीवांनी जमिनीकडे. वाजत होते. गिऱ्हाइकांना त्रास होतो म्हणून त्यांनी मेनूत शिरून तो आवाज बंद करून टाकला होता.

मोटारी गेल्या त्या गेल्या. त्यांचे पैसे अण्णा केव्हातरी भरून काढतील. पण दुकानात कामाला असलेल्या, वेल्ह्याकडून आलेल्या एका मुलाकडे लोक बोट दाखवू लागले. किल्ल्या त्याच्याजवळ असत, एवढाच काय तो पुरावा. शटर तर उचकटलेले होते. किल्लीचा संबंधच नव्हता. परंतु कुजबुजीला तर्कशास्त्र लागत नाही. त्या रात्रीचे दहा मिनिटांचे चित्रण असते, तर तो सकाळी सहा वाजताच मोकळा झाला असता. अण्णांचा त्याच्यावर संशय नव्हता. तरी दोन आठवडे चावडीवरच्या नजरा सोसून तो काम सोडून गेला. चार कॅमेऱ्यांपैकी एकही कॅमेरा त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकला नाही.

अशा साक्षीला केवढे मोल येऊ शकते ह्याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी कैलास गोरंट्याल ह्यांच्यापुढे राहून निवडून आले. गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. मुद्दा मतांचा नव्हता, घड्याळाचा होता. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनपर्यंत होती, आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर दाखल झाले असा आरोप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर त्या दिवशी चित्रण चालू होते. त्या चित्रणाच्या तबकड्या न्यायालयापुढे आल्या, आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १४ जुलै २०२० रोजी जो निकाल लागला तो आज देशभरच्या वकिलांच्या तोंडी आहे. चित्रणाची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून शाबीत केले तर मात्र त्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या ६३ व्या कलमात हे प्रमाणपत्र अधिक काटेकोर झाले असून त्यात नकलेचा ‘हॅश’, म्हणजे त्या आकड्यांच्या समूहाचा जणू अंगठ्याचा ठसा, नोंदवावा लागतो. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो.

तात्पर्य, कायद्याने यंत्राच्या स्मरणाला साक्षीदाराचा मान दिला. आता ह्या साक्षीदाराची प्रकृती पाहू.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीने काढलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत. वजन सुमारे एक टन. आणि एवढ्या अवजड धुडात मावत अवघी पन्नास लाख अक्षरे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो, परंतु रचना मुळात तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी मिनिटाला पाच-सात हजार फेऱ्या घेते आणि एका दांडीच्या टोकावरचे इवलेसे शीर्ष, ज्याला ‘हेड’ म्हणतात, तिच्यावर तरंगत लिहिते-वाचते. टेकत नाही, तरंगते. तबकडी आणि हेड ह्यांतले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे दहा हजारावा भाग. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासूनच गाते; इथे घासणे म्हणजे मरण.

घरच्या संगणकात ही डिस्क सुखाने नांदते. सकाळी उठते, थोडे लिहिते, थोडे वाचते, रात्री झोपते. कॅमेऱ्याच्या पेटीत तिच्या नशिबी वेठ असते. हिशेब करून पाहा. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट धाडतो असे धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हा झाला अर्धा मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एका कॅमेऱ्याचे दिवसाकाठी ४३ गिगाबाइट, चार कॅमेऱ्यांचे १७३. अण्णांची डिस्क दोन टेराबाइटची, म्हणजे २,००० गिगाबाइटची. साडेअकरा दिवसांत ती काठोकाठ भरते, आणि मग सर्वांत जुने पुसून त्या जागी नवे लिहायला लागते. असे वर्षाला सुमारे बत्तीस वेळा. एकूण लेखन ६३ टेराबाइट. दसरा नाही, दिवाळी नाही, दुपारची वामकुक्षी नाही.

साध्या संगणकी डिस्कांना त्यांचे कारखानदार बहुधा वर्षाला ५५ टेराबाइटांच्या आसपासचे काम नेमून देतात, आणि तेही रोज काही तास चालण्याच्या हिशेबाने. कॅमेऱ्यांसाठी मुद्दाम केलेल्या डिस्का निराळ्या मिळतात. वेस्टर्न डिजिटलची ‘पर्पल’, सीगेटची ‘स्कायहॉक’ ही त्यांची नावे दुकानात ऐकू येतात. त्या चोवीस तास चालण्यासाठी असतात, आणि त्यांतील पुष्कळांना वर्षाला १८० टेराबाइट लिहिण्याची मुभा असते. स्वभावातही फरक आहे. साध्या डिस्कला एखादे अक्षर वाचता आले नाही, की ती पुन्हा पुन्हा तेच वाचण्याचा हट्ट धरते. पत्र किंवा हिशेब साठवताना हा गुणच होय. पण कॅमेऱ्याचे चित्र दाराशी थांबून राहत नाही. ती हट्ट धरून बसली की पेटीला वाटते, डिस्क मेली. कॅमेऱ्याची डिस्क अशा वेळी एक अक्षर सोडून पुढे जाते.

आणखी एक गोम आहे, ती भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला चटकन उमगेल. जास्त मजकूर बसावा म्हणून काही डिस्कांत लेखनाच्या पट्ट्या घरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवून रचतात. कौलारू घर शाकारताना मधले एक कौल बदलायचे झाले तर वरची कितीतरी कौले हलवावी लागतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या डिस्कांतही एक पट्टी पुसून नवी लिहायची तर शेजारच्या अनेक पुन्हा मांडाव्या लागतात. फोटो एकदा ठेवून देणाऱ्याला हे चालेल. रात्रंदिवस पुसून लिहिणाऱ्या पेटीत अशी डिस्क मध्येच अडखळते आणि चित्रणात खिंडारे पडतात. विकत घेताना दुकानदाराला ‘एसएमआर की सीएमआर?’ एवढे विचारावे. कौलांची ती एसएमआर. पेटीसाठी दुसरी घ्यावी.

अण्णांच्या पेटीत संगणकातली साधी डिस्क निघाली. बसवताना पैसे थोडे वाचले होते. पण कॅमेरेवाल्या पोराची रीत मला आवडली ती अशी, की त्याने पेटी उघडल्या उघडल्या डिस्कला दोष दिला नाही. शहाणा वैद्य आधी नाडी पाहतो, तसा तो प्रथम पेटीचे घड्याळ पाहू लागला.

“घड्याळाचा काय संबंध रे?” मी विचारले.

“सर, निम्म्या वेळा रेकॉर्डिंग गेलेलंच नसतं. तारीख चुकलेली असते.”

आणि ते खरे आहे. पेटीत रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. लाईट गेल्यावर घड्याळ त्याच्यावर चालते. चार-पाच वर्षांनी तो संपतो. मग एकदा लाईट गेली की पेटी शुद्धीवर येते ती २००० सालात किंवा थेट १९७० मध्ये. चित्रण चालूच असते, पण ते भलत्याच वर्षाच्या खात्यावर जमा होते. मालक आजची तारीख उघडून कपाळाला हात लावतो. सेल पाचपन्नास रुपयांचा. तो बदलावा आणि पेटीला इंटरनेट असेल तर घड्याळ आपोआप जुळविण्याची सोय चालू ठेवावी. अण्णांचे घड्याळ बरोबर होते.

मग त्याने मेनू पाहिला. डिस्क भरल्यावर जुने पुसण्याची परवानगी चालू आहे ना? ती चुकून बंद राहिली तर डिस्क एकदाच भरते आणि पेटी हात जोडून बसते. रेकॉर्डिंगचे वेळापत्रक चोवीस तासांचे आहे ना? हेही ठीक होते.

तिसरी पाळी अडॅप्टरची. मला स्वतःला ह्या साऱ्या प्रकरणात अडॅप्टरच खरा लबाड वाटतो. कॅमेरे दिसतात, दिवा लागतो, म्हणून कोणी त्याच्यावर संशय घेत नाही. परंतु डिस्कची मोटर थांबलेल्या स्थितीतून फिरू लागते तेव्हा तिला १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअरचा घोट एकदम लागतो. बैलगाडी चढाला लावताना पहिला हिसका जोराचा लागतो, तसाच. जुन्या अडॅप्टरच्या पोटातले भाग उष्णतेने सुकतात आणि ह्या हिसक्याला त्याचा दाब खाली बसतो. डिस्क गरकन फिरते, टक् करते, थांबते. पुन्हा फिरते, टक् करते, थांबते. पेटी कधी म्हणते ‘डिस्क नाही’, कधी म्हणते ‘आहे’. ऐकणाऱ्याला वाटते, डिस्क गेली. नवी आणून लावली तर चार महिन्यांनी तीही तशीच. धडधाकट अडॅप्टर तात्पुरता लावून पाहणे, ही ह्यावरची सोपी परीक्षा. पोराच्या पिशवीत तो होताच. लावला, फरक पडला नाही.

मग तारा. डिस्कला पेटीशी जोडणारी लहानशी चपटी तार सैल पडते, पावसाळी दमटपणाने तिची टोके काळवंडतात. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची एक नोंदवही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. बऱ्याच पेट्यांच्या मेनूत ती उघडता येते. तीत ‘सीआरसी’ चुकांचा एक रकाना असतो. तेवढाच वाढत असेल आणि बाकी सारे निरोगी असेल, तर आजार डिस्कचा नसून तारेचा, असे खुशाल समजावे. दहा मिनिटांचे काम. ह्या एका रकान्याकडे न पाहिल्यामुळे किती चांगल्या डिस्का भंगारात गेल्या असतील!

अण्णांच्या डिस्कच्या वहीत मात्र दुसरेच रकाने भरलेले होते. तबकडीवरची जी जागा खराब होते तिला डिस्क बाद करते आणि राखीव जागेतून तिचा बदली तुकडा देते. अशा बदल्यांची संख्या शेकड्यांत गेली होती. वाचता न आल्यामुळे ‘प्रलंबित’ म्हणून लटकत ठेवलेल्या जागाही पुष्कळ. चालू राहिल्याचे तास २६ हजारांवर, म्हणजे तीन वर्षे अखंड. रोज आठ तास चालणाऱ्या कचेरीतल्या संगणकात एवढे तास व्हायला दहा वर्षे लागली असती.

एवढे स्पष्ट लिहिलेले असते तर माणसे आधी का पाहत नाहीत, असे कोणी विचारील. पाहावे हे खरेच. पण ह्या वहीवर विसंबूही नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनी आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी आढळल्या. तबकडी तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत मरण्याचा संभव, निर्दोष डिस्कच्या मानाने ३९ पट असतो. म्हणून पहिली चूक दिसताच बदलावी; दुसरीची वाट पाहू नये. दुसरी गोष्ट अधिक काळजीची. मेलेल्या डिस्कांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक डिस्कांच्या वहीत मरणापूर्वी ह्यातली कसलीच खूण नव्हती. रात्री जेवून निजला आणि सकाळी उठला नाही, अशातली गत.

मरण लवकर ओढवण्याची कारणे आपल्या गावात भरपूर आहेत. पेटी ठेवायची म्हणजे नजरेआड, ह्या विचाराने ती बंद कपाटात जाते, वर जुन्या वह्यांचा गठ्ठा आणि शेजारी इन्व्हर्टर. वैशाखात त्या कपाटात हात घालवत नाही. डिस्कचे अंग पंचेचाळीस अंशांच्या आत राहिले तर बरे. पेटीला चारी बाजूंनी बोटभर मोकळी हवा मिळाली तरी पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा येते-जाते, आणि प्रत्येक वेळी डिस्क लिहिता लिहिता हातातली लेखणी गळून पडावी तशी थांबते. अर्धवट राहिलेल्या त्या पानामुळे कधी सगळी अनुक्रमणिकाच बिघडते, आणि डिस्क शाबूत असून पेटीला ती ओळखता येत नाही. लहानसा यूपीएस ह्यावरचा उपाय. तो पेटीला लावावा. लोक तो टीव्हीला लावतात.

धक्क्यांचेही तसेच. गिरणीच्या भिंतीला फळी ठोकून तिच्यावर ठेवलेली पेटी मी पाहिली आहे. दळण चालू असले की फळीवरचा पेला नाचतो. ब्रेंडन ग्रेग नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने २००८ साली चालू असलेल्या डिस्कांच्या कपाटासमोर उभे राहून मोठ्याने आरोळी ठोकली, आणि तेवढ्या आवाजाच्या कंपनांनी डिस्कांचे काम मंदावल्याचे यंत्राच्या आलेखावर दाखवून दिले. त्याची ती फिल्म जगभर पाहिली गेली. जिला माणसाचे ओरडणे सोसत नाही, तिला पिठाची चक्की कशी सोसावी?

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि इथेच बहुतेकांचा घात होतो. घटना घडून गेली आहे, चित्रण हवे आहे आणि पेटी डिस्क दाखवीत नाही. अशा वेळी काय करावे? पडद्यावर डिस्कच्या नावापुढे ‘अनइनिशियलाइज्ड’ असा शब्द येतो आणि शेजारीच ‘इनिशियलाइज’ असे बटण असते. ते दाबू नये. त्या गोड शब्दाचा अर्थ पाटी पुसून नवा श्रीगणेशा काढणे, असा आहे. ते दाबले की पेटी आनंदाने चालू होते, आणि हवे असलेले चित्रण जाते. डिस्क काढून संगणकाला लावली तर विंडोजही तसाच मानभावी प्रश्न विचारते : ही डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का? ‘नाही’ म्हणावे. पेट्यांची लिहिण्याची मोडी निराळी असते. संगणकाला ती वाचता आली नाही म्हणजे पान कोरे आहे असे नव्हे.

पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहू नये. डिस्क टक् टक् वाजत असेल आणि अडॅप्टर निर्दोष असेल, तर हेड दुखावलेले असते. ते तबकडीवर जितके फिरेल तितके अक्षर खरवडले जाईल. वीज तोडावी, डिस्क काढावी, कापडात गुंडाळून ठेवावी आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. धूळविरहित खोलीत ती उघडणारी माणसे पुण्या-मुंबईत आहेत. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, म्हणून चित्रणाचे मोल आधी मनाशी ठरवावे. पोलीस पंचनामा करून पेटी जप्त करणार असतील, तर तिला हातसुद्धा लावू नये हे उत्तम. आणि पेटी धड असेल तर घटना कळताच त्या वेळेचा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. साडेअकरा दिवसांची पेटी बाराव्या दिवशी कोणाची वाट पाहत नाही.

हा दिवसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याविषयीच्या परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने फर्मावले, की ठाण्यातले चित्रण अठरा महिने टिकले पाहिजे. तशी सामग्री बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त टिकणारी घ्यावी, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. आणि ते चालू आहे की नाही ह्याची जबाबदारी त्या ठाण्याच्या प्रमुखावर. बदलापूरच्या शाळेतील घृणास्पद प्रकारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीनदा चित्रण तपासावे असे सांगितले. कॅमेरे बसवा असे सांगणारे आदेश पुष्कळ निघतात. मागे जाऊन पाहा, हे सांगणारा आदेश मला अधिक शहाणपणाचा वाटतो. कारण पडद्यावरचे चालू चित्र डिस्कच्या जिवंतपणाचे काहीएक प्रमाण देत नाही. कालचे चित्र उघडते की नाही, हीच कसोटी.

आमचा भोर तालुका पंत सचिवांचा. शिवकालात सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, काम राजपत्रांतला मजकूर शुद्ध आहे की नाही हे तपासण्याचे. लिहिणारा कारकून वेगळा आणि तपासणारा वेगळा, ही ती व्यवस्था. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अठराव्या शतकातले कागद आजही मोडी जाणणारा माणूस वाचू शकतो. त्या कागदाला रोज वीज लागत नव्हती, हे खरे. पण त्याच्याकडे पाहायला नेमलेला माणूस होता, हेही खरे. पेटीपाशी असा माणूस कोणीच नसतो. बसविणारा बसवून जातो, मालक पाटी लावून मोकळा होतो. बाजारातले पुष्कळ दुकानदार दर अमावास्येला लिंबू-मिरची बदलतात. त्याच दिवशी पेटीतून आठ दिवसांपूर्वीची एखादी दुपार काढून पाहिली, तर पाच मिनिटे लागतील. आश्विनातल्या अमावास्येला तर वही-पूजनच असते. वहीशेजारी पेटीलाही हळदकुंकू लागते, हे मी पाहिले आहे. तेवढ्यात एकदा मागचे चित्र उघडावे.

ज्याला अधिक काळजी घ्यायची आहे त्याच्यासाठी मार्ग आहेत. अनेक कॅमेऱ्यांत नखाएवढे मेमरी कार्ड बसते. पेटीशी संबंध तुटला तरी कॅमेरा आपल्यापुरते त्यावर लिहीत राहतो. गल्ल्यावरच्या एका कॅमेऱ्याला तरी ते घालावे. मोठ्या पेट्यांत दोन डिस्का जोडीने बसवून एकच मजकूर दोन्हींवर लिहिण्याची सोय असते. मात्र दोन्ही एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातल्या घेतल्या तर त्या म्हाताऱ्याही बरोबरच होतात, आणि वीज कोसळली तर दोघी एकदम जातात. पावसाळ्यात उघड्यावरून ओढलेली कॅमेऱ्याची तार विजेला घरात येण्याचा चांगला रस्ता देते. बाहेरच्या तारा लोखंडी पत्र्यापासून आणि विजेच्या खांबापासून दूर ठेवाव्यात, एवढे तरी करावे. आणि तो टींव टींव आवाज बंद करू नये. फारच कटकट होत असेल तर त्याच मेनूत मोबाइलवर निरोप धाडण्याची सोय असते, ती चालू करावी. पण निरोप अशा माणसाकडे जावा जो तो वाचतो.

राहिली मेलेली डिस्क. नवी घालताना बसविणारा बहुधा विचारतो, जुनी नेऊ का? देऊ नये. मेनूला ती दिसत नसली तरी तिच्यावर लिहिलेले बहुतेक जागच्या जागी असते. कोण केव्हा दुकानात आले, कोणी उधारीची वही काढली, घरची बाईमाणसे कधी बाहेर पडतात, रात्री कुलूप कोण लावते, हे सारे एखाद्या जुन्या बाजारात पन्नास रुपयांना विकले जाऊ शकते. ती घरीच उघडावी. झाकणाच्या चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंना तसलाच पेचकस लागतो. आत बोटाला चिमटा घेतील इतके जोरकस दोन लोहचुंबक निघतात. ते दुकानात खिळे उचलायला उपयोगी पडतात. तबकड्या आरशासारख्या लखलखीत असतात. त्यांना भोके पाडून, ज्वारीच्या शेतात जुन्या सीडी टांगतात तशा पाखरे हाकायला टांगल्या तरी चालते. फक्त भोक पाडण्यापूर्वी तबकडी धातूची आहे की काचेची, हे कडेने पाहून घ्यावे. लॅपटॉपमधल्या लहान डिस्कांत काचेच्याही असतात, आणि त्या फुटल्या की त्यांचे तुकडे अंगणभर उडतात.